कुठं दुखलं?

सांगलीत चढ शोधावा लागतो. टिळक चौकातून आयर्विन पुलावर जाताना रस्ता जरासा वर उचलतो, झालं. १९२९ सालच्या या पुलाकडं सांगलीकर निरखून बघतात ते पावसाळ्यात, कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं हे जाणून घ्यायला. ४० म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. बाकी गावाला चढ-उतार ठाऊक आहेत ते हळदीच्या आणि बेदाण्याच्या भावातले. साताऱ्याचं उलटं. घरातून पाऊल बाहेर टाकलं की एक तर चढ, नाहीतर उतार. सपाट असं या गावानं फारसं काही ठेवलेलंच नाही. एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वर, आणि मधल्या उतरणीवर पेठा.

माझं माहेर सांगली, सासर सातारा. दोन्हींत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर, आणि जोडणारी कृष्णा, जी माझ्या सासरहून माहेरला वाहत जाते. माहुलीला वेण्णा घेते, कराडला कोयना, आणि सांगली ओलांडली की हरिपूरला वारणा. चाळिशी उलटल्यावर मी पळायला लागले ती साताऱ्यात. पण सणावाराला, वडिलांची म्हणजे अण्णांची तब्येत बघायला सांगलीला गेले की तिथंही पळते. पाय तेच, बूट तेच, आणि तरी दोन गावांत त्या बुटांचा स्वभाव दोन तऱ्हांचा. हे असं का, याचा शोध घेण्यात माझे बरेच दिवस गेले आणि मजेत गेले.

पायताणाबद्दलचं माझं सगळं शिक्षण चामड्यावर झालेलं. अण्णा जन्मभर कोल्हापुरीच वापरत आले. कोल्हापुरी म्हणायची, पण ती काही एकट्या कोल्हापूरची नव्हे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत; आपल्या चारांत कोल्हापूर-सोलापूरबरोबर सांगलीही आहे आणि साताराही आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात प्राडा या फॅशन कंपनीनं तसल्याच चपला मिलानच्या मंचावर फिरवल्या आणि आधी कुणाचं नावही घेतलं नाही, तेव्हा आमच्याकडं चहाच्या टपऱ्यांवरसुद्धा लोक चिडले होते. अण्णांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, मंचावरच्या त्या पोरांनी ती घालून बाजाराला जाऊन दाखवावं.

अण्णांचा कारागीर कागदावर पाय ठेवायला लावायचा. पेन्सिल उभी धरून ती टाचेपासून फिरवत आणायचा, अंगठ्याच्या हाडापाशी जरा थांबायचा, बोटानं ते हाड चाचपायचा आणि मग पुढं जायचा. तरी नवी चप्पल आली की चावायचीच. अंगठ्याच्या बेचक्यात सालपट निघायचं. अण्णा पट्ट्याला तेल चोळायचे आणि म्हणायचे, "चावंल आठ दिवस, मग बसंल." आणि खरोखर बसायची. चामडं हळूहळू पायाचं ऐकायला लागायचं, महिन्याभरात तळव्याचा ठसा त्यावर उमटायचा, मग ती चप्पल दुसऱ्या कुणाला घालता यायची नाही. आमच्या घरात हे वाक्य चपलेपुरतं राहिलं नाही. नवी शाळा आवडेना, आठ दिवस. लग्न होऊन साताऱ्याला गेले, तिथल्या गार वाऱ्यानं कान दुखायला लागले, फोनवर अण्णा, "आठ दिवस." पोरींच्या बाबतीत तर हे वाक्य फार सढळ हातानं वापरलं जातं.

हे सगळं शिक्षण घेऊन मी पळायचे बूट घ्यायला गेले. दुकानातल्या पोरानं पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, कलर कोणता?" माझ्या शेजारी एक गृहस्थ बूट बघत होते, त्यांना तो विचारत होता, "सर, रोड का ट्रेल? रोज किती करता?" मला गुलाबी, जांभळा आणि गुलाबी-जांभळा अशा तीन तऱ्हा दाखवण्यात आल्या. बायकांच्या बुटांचा साचा साधारणपणे टाचेला निमुळता आणि पंजाला अरुंद असतो. माझा पंजा रुंद. पिढ्यान् पिढ्या अनवाणी आणि अंगठ्याच्या चपलांत वाढलेल्या माणसांचे पंजे पसरतात, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात फट पडते, तशी माझीही आहे. यात माझ्या पायाचा विशेष काही नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं २०२१-२२ मध्ये देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले, तेव्हा निघालं हेच, की आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा रुंद आहेत आणि आपण मात्र त्यांचेच नंबर वापरत आलोय. रुंदीला जागा मिळावी म्हणून माणसं एक नंबर मोठा घेतात, मग टाच आत ढकलली जाते आणि बाहेर येते. "भा" नावानं भारतीय पायांसाठी वेगळी मापं आणायचं त्यावरनंच ठरलं.

बुटात पाय घातला, करंगळी दाबली गेली. पोरगा म्हणाला, "होईल सैल मॅडम, आठ दिवसांत." माझ्या डोळ्यांपुढं अण्णा आले. मी बूट घेतले.

आता सांगते ते दुकानात कुणी सांगत नाही. चामडं सैल होतं. पळायच्या बुटाचा वरचा भाग जाळीचा, नायलॉनसारख्या धाग्याचा, तळाशी हवेच्या बारीक बारीक बुडबुड्यांनी भरलेला फोम. जाळी थोडीफार हलते, पण करंगळीला हवी तेवढी जागा करून देत नाही. तळाचा फोम पायाखाली दाबला जातो आणि परत फुगतो, त्याचं कामच ते. त्याला पाय लक्षात ठेवायचा नसतो. दुकानात जे दाबतं ते दहाव्या किलोमीटरलाही दाबतं, उलट जास्तच, कारण तोवर पाय सुजलेला असतो. अण्णांचं वाक्य खोटं नव्हतं. ते दुसऱ्या वस्तूबद्दल होतं.

मला हे कळलं ते वहीमुळं. लेकीनं वाढदिवसाला पळणाऱ्यांची म्हणून एक छापील डायरी दिली होती. अंतर, वेळ, दर किलोमीटरला लागलेली मिनिटं, नाडीचे ठोके, जाळलेल्या कॅलरी असे रकाने, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एकेक उपदेश. मला ती भरता येईना. माझं कॅलरीशी काही वाकडं नाही, पण त्या आकड्यांवरून मला माझी सकाळ आठवायची नाही. मग सांगलीहून अण्णांच्या जुन्या सामानातली एक कोरी खतावणी उचलून आणली. अण्णा गणपती पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट, दोऱ्यानं शिवलेली ती वही. डावीकडं जमा, उजवीकडं नावे. जमेला मी लिहायला लागले रस्ता, हवा, किती पळाले, कोण भेटलं. नावे बाजूला दोनच गोष्टी. कोणते बूट, आणि कुठं दुखलं.

हा शेवटचा रकाना भरायला मला फार जड गेलं. दुखणं लिहून ठेवायची आमच्या घरात रीत नाही. कंबर दुखते म्हणून आईनं कधी खाट धरलेली मी पाहिली नाही; ती फक्त बसताना हळूच हाताचा आधार घ्यायची. मी पहिले काही दिवस त्या रकान्यात "काही नाही" असं लिहून मोकळी व्हायचे, आणि घरी येऊन जिना उतरताना कठडा धरायचे. मग एकदा पेन हातात घेऊन मोजे काढले, पायाकडं नीट बघितलं आणि जे दिसलं ते लिहिलं. डावा पाय, दुसरं बोट, नखाखाली काळं. करंगळीच्या बाहेरून लाल.

पानं साठत गेली तशी वही बोलायला लागली. सांगलीच्या नोंदी: हरिपूर रस्ता, सकाळी धुकं, वडाच्या पारापाशी दोन म्हातारे, हळदीचा वास. हरिपूरला जमिनीत खोदलेली पेवं होती, त्यात हळद भरून तोंड बंद करायचे, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी बुडवली. मार्केट यार्डाजवळून पळत आलं की बुटांच्या पांढऱ्या कडेला पिवळी झाक चढते, ती धुतली तरी पुरती जात नाही. या सगळ्या पानांवर नावे बाजूला एक करंगळी सोडली तर काही नाही. आणि साताऱ्याच्या पानांवर तेच बूट, आणि डाव्या पायाचं दुसरं बोट, उजव्या पायाचं दुसरं बोट, दोन्ही अंगठे. त्यातही अजिंक्यताऱ्याला चालत जाऊन आले त्या दिवशी कमी, यवतेश्वरच्या घाटातून पळत खाली आले त्या दिवशी सगळ्यात जास्त.

चढ सगळ्यांना दिसतो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते. शहरातून निघायचं, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि आल्या वाटेनं परतायचं, एकवीस किलोमीटर. २०१५ मध्ये एकाच डोंगरावर एका वेळी सर्वांत जास्त माणसं पळाली म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली, अडीच हजारांहून जास्त पळणारे होते. स्पर्धा पावसाळा सरता सरता असते. घाटात ढग खाली उतरलेले असतात, कासला फुलं यायला लागलेली असतात, ढोल वाजत असतात, पुढचा माणूस दहा पावलांवर धुक्यात शिरलेला असतो. सगळे घाबरतात ते जाताना. पायाला खरा मार बसतो येताना. उतारावर प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार पुढं येतो, पाय बुटात घसरतो आणि बोटं पुढच्या टोकावर आपटतात. एकदा नव्हे, हजारो वेळा. स्पर्धेनंतरच्या आठवड्यात साताऱ्यात किती लोक काळी नखं घेऊन फिरत असतात, ते चपला घालून बाजारात आलेल्या मंडळींच्या पायांकडं बघितलं की कळतं.

उतारावरचा हा घोळ सोडवून दिला तो भरतीच्या एका पोरानं. साताऱ्यात पहाटे रस्ते यांचेच असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर; सैन्याची तयारी करणारे वेगळे. या जिल्ह्यात सैन्यात जाणं ही घरोघरची गोष्ट, गावाच्या नावातच मिलिटरी लागलेलं अपशिंगे इथलंच. ही पोरं माणमधून, खटावमधून, जावळीतून येतात, खोली करून राहतात आणि पावसाळी चिखलात चारशे-पाचशेच्या बुटांवर मला मागं टाकून जातात. एक दिवस उतारावर मी कठड्याला टेकून बूट सैल करत होते, तर एक जण थांबला. "काकू, शेवटचं भोक रिकामं का ठेवलंय?"

बुटाच्या वरच्या टोकाला, नाडीच्या ओळीपासून जरा मागं सरकलेलं एक जादा भोक असतं. बहुतेकांना ते कशासाठी आहे हेच माहीत नसतं. बूट येतो तेव्हाही नाडी त्याच्या एक घर अलीकडंच थांबवलेली असते. तो माझ्यापुढं उकिडवा बसला. नाडीचं टोक त्याच बाजूच्या त्या शेवटच्या भोकात बाहेरून आत घातलं, पण पूर्ण ओढलं नाही, बोट शिरेल एवढा लहान फास ठेवला. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग उजवं टोक डाव्या फासातून, डावं टोक उजव्या फासातून. "आता टाच मागं दाबून बसवा," म्हणाला, आणि दोन्ही टोकं वर न ओढता खाली-मागं, घोट्याच्या दिशेनं ओढली. फास आवळले. टाच जागच्या जागी पकडली गेली आणि पुढं बोटांना अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा उरली. त्यावर नेहमीची गाठ. "आता बघा," म्हणाला आणि निघून गेला. मी बघितलं. त्या दिवशी अंगठ्यांच्या नावापुढं काही लिहावं लागलं नाही.

पण दुसरं बोट राहिलंच. ते जोडव्यांचं.

पळण्याच्या पुस्तकांत जोडव्यांचा उल्लेख कुठून असणार. चांदीचं कडं, तळाला फटीचं, दुसऱ्या बोटात. एरवी ते पायात आहे हेही लक्षात नसतं. पण पळताना बोट सुजतं, जोडवं तेवढंच राहतं. बुटात शेजारची बोटं त्याला दाबतात, आणि उतारावर पुढं घसरलं की फटीची कड मांसात रुतते. पळणाऱ्या कितीतरी बायकांच्या पायाच्या बोटांना हा वळ असतो. कुणी त्यावर चिकटपट्टी गुंडाळते, कुणी कापूस घालते. मी दोन्ही करून पाहिलं. काढून ठेवायचं मनात यायचं, पण घरात सासूबाई. त्यांना आवडणार नाही, हे मी त्यांना न विचारताच ठरवून टाकलं होतं.

एका रविवारी ओसरीवर बसून मी बोटाला हळद लावत होते. त्यांनी बघितलं. "हे कशानं?" मी सांगितलं. त्यांचं माहेर जावळीतलं, भाताच्या खाचरांचं. त्या म्हणाल्या, "अगं मग काढून ठेव की. आम्ही लावणीला चिखलात उतरताना काढायचोच. चिखलात गेलं तर शोधणार कोण? कनवटीला लावायचो, सांजच्याला परत घालायचो." आणि उठून त्यांनी देवघरातली एक लहान वाटी आणून बुटांच्या मांडणीवर ठेवली. तेव्हापासून पळायला जाताना जोडवी त्या वाटीत जातात. दुसऱ्या बोटाचा रकाना रिकामा झाला. घरात त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही, शेजारणींनी मात्र केली.

करंगळीसाठी बूटच बदलावे लागले. या वेळी संध्याकाळी गेले, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि पळतानाचा पाय त्या फुगलेल्या पायाच्या जवळचा असतो. पळतानाचे मोजे बरोबर नेले. जुने बूटही पिशवीत घातले. वाटेत बसस्थानकाजवळच्या गटई कामगाराच्या पत्र्याच्या स्टॉलवर थांबले, चपलेचा पट्टा शिवून घ्यायचा होता. त्यानं न सांगता जुना बूट उलटा केला, डोळ्यांजवळ नेला आणि तळावर अंगठा फिरवला. "ताई, तुमी टाच भायरनं घासताय. मग आतल्या अंगाला आलाय पाय." मी विचारलं, हे वाईट का? "वाईट कशाला? समद्यांचंच तसं असतंय. येकाच अंगाला खड्डा पडला तर वाईट." मग त्यानं अंगठ्यानं फोम दाबला. त्यावर आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या, दाबलेला भाग लवकर वर येईना. "ह्ये मेलंय. वरचं शिवून दीन, तळ चिकटवून दीन, पण ह्यात जीव न्हाई घालता येत." पुस्तकात तेच पाचशे ते आठशे किलोमीटर असं लिहिलेलं असतं. त्यानं किलोमीटर न मोजता सांगितलं.

दुकानात आता यंत्रं आली आहेत. काचेवर उभं करतात, तळव्याची कमान बघतात, पाय सपाट का उंच ते ठरवतात आणि त्याप्रमाणं बूट सुचवतात. घरीसुद्धा करता येतं: ओला पाय शहाबादी फरशीवर ठेवायचा आणि ठसा बघायचा. बघायला गंमत आहे, पण त्यावर पैसे लावू नका. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीनमध्ये हजारो नव्या शिपायांवर हे तपासून झालंय. अर्ध्यांना तळव्याच्या कमानीप्रमाणं निवडलेले बूट, अर्ध्यांना सरसकट एकाच तऱ्हेचे. दुखापतींत सांगण्याजोगा फरक पडला नाही. कॅनडातल्या कॅलगरीचे संशोधक बेनो निग यांनी आयुष्य या विषयात घातलं. २०१५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जे मांडलं ते इतकं साधं आहे, की त्याची जाहिरात करता येत नाही: पायाला जो बूट बरा वाटतो तो घ्या, शरीर आपली चाल आपण सांभाळतं. मला हे वाचून आनंद झाला, आणि थोडा रागही आला. मला पहिल्या दिवशी करंगळीनं हेच सांगितलं होतं.

हल्ली पळणाऱ्यांत तळाशी कार्बनची पट्टी असलेल्या बुटांचा सोस आहे. वीस हजारांच्या घरातली जोडी. धावपटू किपचोगे २०१९ मध्ये व्हिएन्नात तसल्याच बुटांत दोन तासांच्या आत मॅरेथॉन पळाला. त्यानंतर ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेला रस्त्यावरच्या बुटांच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरवर अडवावी लागली. यवतेश्वरच्या घाटातही हे बूट दिसायला लागलेत, टाच टेकवत सावकाश चढणाऱ्या पायांत. हौसेला मोल नाही, मी काही बोलत नाही.

याच्या दुसऱ्या टोकाला अनवाणी पळण्याचं कौतुक. ते मला जास्त खुपतं. अबेबे बिकिला १९६० मध्ये रोमला अनवाणी पळून ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकला, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याला मिळालेले बूट पायाला नीट बसत नव्हते, हे सांगायचं राहतं. चार वर्षांनी टोकियोत तो पुन्हा जिंकला, बूट घालून. आपल्याकडं बारामतीला लता करे साठी ओलांडलेल्या असताना नऊवारीत अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या, नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यावर पुढं सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. टाळ्या आपण वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण त्या पळण्यात अनवाणी असणं हा पराक्रम नव्हता, ती अडचण होती. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय बाई. प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. त्या शर्यतीत अडथळे ओलांडावे लागतात आणि सात वेळा पाण्यातून जावं लागतं. त्या पाण्यातून जाताना दुष्काळी माणच्या या मुलीच्या पायात तिच्या मापाचेच बूट होते, याचं मला तिच्या वेळेइतकंच कौतुक आहे.

नवे बूट मी पुरुषांच्या मांडणीतून घेतले. पंजाला रुंद, रंग राखाडी. पोरगा म्हणाला, "मॅडम, हे जेंट्सचे आहेत." मी म्हटलं, माझ्या करंगळीला ते माहीत नाही. दुकानातल्या दुकानात पळून बघितलं, शेवटचं भोक बांधून, जिन्यावरून खाली उतरून. तो जरा बावरला, पण नाही म्हणाला नाही. वहीत त्यांचं नवं खातं उघडलंय. पावसात भिजले की आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि सावलीत वाळवायचे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर डिंक सुटतो. सांगलीला गेले की अण्णा ते हातात घेऊन वजन करून बघतात आणि म्हणतात, "ह्याला काय वजनच न्हाई, टिकंल का?" टिकत नाही, वर्ष-दीड वर्षात मरतात, हे मी त्यांना सांगितलंय. त्यांना ते पटलेलं नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा संध्याकाळी जा, स्वतःचे मोजे न्या, रंग सगळ्यात शेवटी बघा. दोन्ही पायांत बूट घालून उभ्या राहा, एका पायावर भागवू नका. दोन पाय सारखे नसतात. जोडवी असतील तर घरी वाटीत काढून ठेवून जा. आणि कुठं दाबत असेल तर तिथल्या तिथं बोला. कुणी म्हणेल, आठ दिवसांत सैल होईल. चपलेचं होतं तसं. बुटाचं होत नाही, तो परत करा.